मिळेल ते काम करणारे शब्द

सरांकडे सायकल होती, पण सायकलवर बसलेले सर मी कधी पाहिले नाहीत. ती हातात धरून ते शेजारून चालायचे. हँडलला कापडी पिशवी आणि मागच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेली एक जाडजूड डिक्शनरी. अंगात मे महिन्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा लांब कोट. एकदा वर्गातल्या एका पोरानं धीर करून विचारलं, "सर, तुमी सायकलवर कावून बसत न्हाई?"

"मला येत नाही, बेटा."

"मंग घेतली कावून?"

"मास्तरकडे सायकल असावी, असं वाटलं," सर म्हणाले. "आणि ही डिक्शनरी डोक्यावर घेऊन किती दिवस फिरणार?"

हे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. सर चेष्टा करतायत की खरं बोलतायत, हे कळायला आम्हाला नेहमी वेळ लागायचा. बहुतेक वेळा ते खरंच बोलत असत.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, कडा या गावापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. गावातलं हायस्कूल एका संस्थेचं. संस्थेचे अध्यक्ष अण्णा. गावातली सोसायटी अण्णांच्या हातात, आणि त्या वर्षी भागात साखर कारखाना काढायचा म्हणून गावोगाव शेअर गोळा करत फिरणारेही अण्णाच. सर त्यांच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा मी नववीत होते. ते निजामाच्या वेळी उर्दूतून शिकलेले. त्यामुळे मराठी बोलता बोलता "गौर करा" म्हणायचे आणि सगळ्या पोरापोरींना "बेटा" म्हणायचे. लग्न केलेलं नव्हतं. पिठाच्या गिरणीमागच्या एका खोलीत राहायचे. गिरणी चालू असली की त्यांच्या काळ्या कोटावर पीठ बसायचं, आणि ते झटकायचं त्यांच्या ध्यानात यायचं नाही.

पहिल्याच तासाला ते म्हणाले, "तुम्हा सगळ्यांना इंग्रजी येतं."

वर्ग हसला. आम्हाला धड ए बी सी डी लिहिता येत नव्हतं.

"बीडला कशानं जाता?"

"एस्टीनं."

"एस्टी कुठं धरता?"

"स्टँडवर."

"बस. स्टँड. आलं की इंग्रजी." असं म्हणून ते खुर्चीवर चढून उभे राहिले. "हे पण स्टँड. उभं राहणं. अण्णा निवडणुकीला उभे राहतात, ते स्टँड. सायकल ज्याच्यावर उभी करतो ते स्टँड. कोर्टात साक्षीदार जिथं उभा राहतो ते स्टँड. माझं डोकं दुखतंय आणि शेजारच्या लग्नात कर्णा लावलाय. मी म्हणतो, आय कान्ट स्टँड इट. मला हे सोसवत नाही. ते पण स्टँडच. गौर करा, शब्द एक आणि कामं किती."

मग खुर्चीवरून उतरताना त्यांचा तोल गेला आणि पुढच्या बाकावरच्या पोरानं त्यांना धरलं. "शुक्रिया," म्हणाले आणि पुढं शिकवू लागले.

त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजी आपल्या घरात कधीच येऊन बसलेलं आहे. आपण त्यातल्या एकेका शब्दाला एकेकच काम दिलंय, एवढंच. आपल्या लेखी पास म्हणजे परीक्षेतला आणि चार्ज म्हणजे नव्या साहेबानं घेतलेला. तोच पास डोंगरातली वाटही असतो. तोच चार्ज कोर्टात आरोप होतो आणि सुरुंगात दारू होतो. "मोठे शब्द साहेबासारखे असतात," ते म्हणायचे. "एकच काम करतात, तेही सही करायचं. बारके शब्द बघा. गेट, टेक, रन, सेट. ही रोजंदारीवरची माणसं. मिळेल ते काम करतात. त्यांच्याशी ओळख ठेवा बेटा, साहेबाचं मी बघून घेईन."

रोज प्रत्येकानं घरी कानावर पडलेला एक इंग्रजी शब्द आणायचा, हा त्यांचा गृहपाठ. वाण्याच्या पोरानं 'बिल' आणलं. न्हाव्याच्या पोरानं 'केस' आणला. सरांनी विचारलं, "कुठली केस?" तो म्हणाला, "बा कापतो ते." सगळा वर्ग लोळला. सरांनी मात्र त्याला जवळ बोलावलं. "ती आपली मराठी. पण इंग्रजी केसही आहे, एवढा चांगला शब्द आणलास तर तो वाया का घालवायचा?" आणि तासभर आम्ही 'केस'च केला. कोर्टाची केस, दवाखान्याची केस, चष्म्याची केस. धड्यातली कविता राहून गेली. ती शेवटपर्यंत राहिली.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "आमच्याकडं शब्द न्हाई सर. आमच्या वस्तीत लाइटसुद्धा न्हाई."

आमची वस्ती गावाच्या पूर्वेला. माझ्या आजानं आणि बापानं बरोबरच बुद्धाची दीक्षा घेतलेली. गावात वीज आली ती आमच्या वस्तीच्या अलीकडं येऊन थांबली होती.

"आणलास की शब्द. लाइट," सर म्हणाले. "लाइट म्हणजे उजेड. लाइट म्हणजे पेटवणं. रंग फिका असला तर लाइट. आणि लाइट म्हणजे हलकं. तुझं दप्तर बघ, किती लाइट आहे."

वर्ग हसला. माझ्या पिशवीत एक वही आणि एक पाटी होती, पुस्तकं नव्हती. बोलून गेल्यावर सरांना ते दिसलं. हातातला खडू त्यांनी फळ्याच्या कडेला ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. दुसऱ्या दिवशी सायकलवर डिक्शनरीच्या वर आणखी एक गठ्ठा होता. कुठल्या तरी पोराची आदल्या वर्षीची नववीची सगळी पुस्तकं. माझ्या बाकावर ठेवत ते हळूच म्हणाले, "कालचं माझं उदाहरण चुकीचं होतं बेटा." तेवढंच. आयुष्यात 'माझी चूक झाली' म्हणणारा मोठा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

असं शिकवल्यानं पोर्शन पुरा होत नसे. हेडमास्तर दारात येऊन विचारायचे, "सर, कुठवर आलं?" सर म्हणायचे, "चालू आहे." पालकांच्या तक्रारी होत्या. इतर शाळांतली पोरं निबंध पाठ करत होती आणि आम्ही आठवडाभर 'रन' करत होतो. माणूस पळतो, नळ वाहतो, नाक वाहतं, एस्टी चालते, दुकान चालवतात, रंग उतरतो. त्यातच बहात्तरचा दुष्काळ आला.

आदल्या वर्षीही पाऊस नव्हताच. ह्या वर्षी तर खरिपाचं बी मातीतच राहिलं. विहिरींचे तळ दिसू लागले. बाप काम शोधत परळीला गेला, तिथं रेल्वेच्या कोळशाच्या वाघिणी खाली करायचं काम मिळालं. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिच्याबरोबर मीही. निम्मा वर्ग तिकडंच होता. शाळेच्या हजेरीत आमच्या नावापुढं रेघा पडत होत्या आणि मुकादमाच्या मस्टरवर आमची नावं चढत होती.

एका दुपारी रस्त्यावर लांबून सायकल येताना दिसली. बाजूनं काळा कोट. माझ्या हातातली हातोडी तिथंच थांबली. सर सरळ मायपुढं येऊन उभे राहिले.

"बाई, पोरगी शाळेत येत नाही."

माय बसल्या जागेवरून म्हणाली, "कशी यील? हितं चार हात लागत्यात तवा दोन तोंडं भागत्यात. आन् इंग्रजी शिकून पोरगी काय खडी इंग्रजीत फोडनार हाय?"

सरांनी ह्याचा खरोखर विचार केला. मग म्हणाले, "खडी मराठीतच फुटते बाई. त्यात माझं काही चालणार नाही. पण दुपारी तुम्हाला भाकरी खायला सुट्टी असते ना?"

"असती."

"तेवढा वेळ मला द्या."

मुकादम मध्ये पडला. "सर, हितं सरकारी काम चालू हाय."

"तुमच्या कामात मी येत नाही. सुट्टीत येईन. तुमच्या मस्टरवर एक शब्द आहे, तो मला रोज लागणार आहे, तेवढा वापरू द्या."

मुकादमाला ह्यातलं काहीच समजलं नाही. त्यामुळं त्याला नाहीही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाभळीच्या विरळ सावलीत शाळा भरू लागली. सर सकाळची शाळा करून तिथवर चालत यायचे. पहिला शब्द 'मस्टर'च होता. "मस्टर म्हणजे माणसं गोळा करणं. पण माणूस आत शिरायला भ्याला, तर तो धीर गोळा करतो. त्यालाही इंग्रज मस्टरच म्हणतो." दुसरा 'ब्रेक'. दगड फुटतो तो ब्रेक, सुट्टी होते ती ब्रेक, शब्द मोडतो तो ब्रेक, बातमी फुटते ती ब्रेक, खोंड कामाला लावतात ते ब्रेक. बायका मिलोची, म्हणजे रेशनवरच्या तांबड्या परदेशी ज्वारीची, भाकरी खाता खाता ऐकायच्या. थोड्या दिवसांनी माय सकाळपासून विचारू लागली, "का गं, ब्रेक झाला का?" आणि तिच्या गँगमधल्या बाया हसायच्या. शेवटी एकदा तिनंच मला सांगितलं, "सकाळी शाळंत जा, मंग हिकडं ये. तुझ्या वाट्याची खडी मी फोडीन." माझ्या शिक्षणाचा निर्णय एवढ्या एका वाक्यात झाला. ते वाक्य मायच्या तोंडी यावं म्हणून एक माणूस रोज भर उन्हात सायकल ढकलत येत होता, हे तेव्हा मला पुरतं कळलेलं नव्हतं.

शाळेत प्यायला पाणी नव्हतं. अण्णांच्या विहिरीला थोडं होतं. तिथून ते शाळेला टँकर पाठवायचे. दुसऱ्या कुणाला ते सुचलंही नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. व्हरांड्यात रांजण ठेवलेले असत. शिपाई, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, लांब दांड्याचं ओगराळं घेऊन उभे राहायचे. बाकीची पोरं रांजणापाशी जाऊन हातानं घेऊन प्यायची. आम्ही वस्तीतली पोरं पायरीखाली ओळीनं उभी राहायचो, ओंजळ धरायचो, आणि मामा वरून पाणी ओतायचे. तसा नियम कुणी लिहिलेला नव्हता. मामाही वाईट नव्हते, आमच्या ओंजळीत चार थेंब जास्तच ओतत. शिक्षकांचा माठ आत होता, सर तिथं पाणी प्यायचे. व्हरांड्यातून ते रोज जायचे. त्यांना ते दिसत असणारच, पण रोज दिसणारी गोष्ट माणसाला दिसेनाशी होते.

त्या आठवड्याचा शब्द होता 'शेअर'. गावात दुसरं बोलणंच नव्हतं. कुणी कारखान्याचा शेअर घेतला, कुणी घेणार आहे, कुणाला अण्णांनी गळ घातली. सर म्हणाले, "हा शब्द नाम असतो तेव्हा घेतो, आणि क्रियापद झाला की देतो. माझा शेअर म्हणजे माझा वाटा. मी शेअर करतो म्हणजे माझ्यातलं तुला देतो. गौर करा, एकाच शब्दाचे दोन हात आहेत." मग प्रत्येकानं क्रियापद घेऊन एक वाक्य करायचं. कुणी म्हणालं, आम्ही भाकरी शेअर करतो. कुणी म्हणालं, मी आणि माझा भाऊ एक घोंगडी शेअर करतो.

मी उठले. मला खरं तर एवढंच दाखवायचं होतं, की नकारार्थी वाक्य करायला मला जमतं. सरांनी ते आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी म्हणाले, "वी डू नॉट शेअर वॉटर."

आम्ही पाणी वाटून घेत नाही. वाक्य बोलून झाल्यावर ते मला स्वतःला ऐकू आलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं.

"व्याकरण बरोबर आहे," ते म्हणाले. आणि खुर्चीवर बसले. ते वर्गात कधी बसत नसत.

मधल्या सुट्टीत आम्ही पायरीखाली ओळीनं उभे होतो. ओळीच्या शेवटी काळा कोट येऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं, कुणाला बोलवायला आलेत. पण सर ओळीबरोबर पुढं सरकत राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी वाकून ओंजळ पुढं केली.

मामांचा हात तिथंच थांबला. "सर, आत माठ हाय की."

"इथलं द्या."

"मंग वर या. रांजनापाशी."

"नको. ह्यांना देता तसं द्या."

"माज्या हातून न्हाई व्हनार सर," मामा म्हणाले. सर गावातल्या मोठ्या घरांच्या जातीचे, मामांच्या दृष्टीनं तर फार मोठा माणूस. सर वाकूनच उभे होते. मागं सगळी शाळा पाहत होती. शेवटी मामांनी ओतलं. निम्मं पाणी कोटाच्या बाह्यांवर सांडलं. सर प्यायले, तोंड पुसलं, आणि "शुक्रिया" म्हणून वर्गात गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. ते कुणाला काही बोलले नाहीत, भाषण केलं नाही, आमची पाठ थोपटली नाही. फक्त रोज ओळीत शेवटी यायचे. आम्ही त्यांना पुढं जायला सांगितलं, तर म्हणाले, "मी तुमच्यानंतर आलोय ना." हेडमास्तरांनी त्यांना बोलावून घेतलं. शिक्षकांनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं. मामांची तर झोपच गेली होती. ते आमच्या वस्तीत येऊन मायला म्हणाले, "तुमी तरी सांगा की त्या सरास्नी." माय म्हणाली, "आमी कावून सांगावं? आमाला कुनी काय सांगितलं व्हतं का?"

मग अण्णा आले. आमच्याच वर्गाबाहेर, लिंबाखाली त्यांचं आणि सरांचं बोलणं झालं. खिडकी उघडी होती आणि सगळा वर्ग तिकडं कान लावून बसला होता.

"सर, लोक मला इचारू लागलेत," अण्णा म्हणाले. "मी शेअर गोळा करतुय. गावोगाव फिरतुय. आन् हितं माज्याच शाळंत हे काय चाललंय?"

"मी पाणी पितोय अण्णा."

"तुमी आपले. तुमाला त्या रांगंत उभं ऱ्हायची काय गरज? रांग चुकली तुमची."

"रांग एकच असती तर चुकली नसती," सर म्हणाले.

अण्णांनी व्हरांड्यातल्या रांजणांकडं पाहिलं. मग म्हणाले, "टँकर माजा हाय, सर."

"आहे. त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे, ही पोरंही आहेत. उद्या टँकर बंद केला तर कुणीच पिणार नाही, मीही नाही. पण येतोय तोवर मी ह्याच ओळीत उभा राहणार."

अण्णा निघून गेले. आम्हाला वाटलं, उद्या टँकर येत नाही. पण टँकर आला. आणि त्या दिवशी मधली सुट्टी झाली तेव्हा मामा रांजणापाशी नव्हते. ओगराळं रांजणाच्या झाकणावर ठेवलेलं होतं आणि मामा लांब लिंबाखाली आमच्याकडं पाठ करून बसले होते. सगळी शाळा उभी राहिली. कुणाला काय करावं कळेना. सर म्हणाले, "मामा, पाणी?"

मामा वळले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "ज्याचं त्यानं घ्या. माजे हात दुखत्यात."

पायरीवर पहिलं पाऊल कुणी टाकलं, हे मला आठवत नाही. माझं पाऊल आठवतं. ओगराळ्याचा दांडा गार होता. रांजणातलं पाणी वरून किती वेगळं दिसतं, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर सगळं गोड झालं, असं नाही. काही घरांनी आपल्या पोरांबरोबर घरून पाणी द्यायला सुरुवात केली. पण त्या दुष्काळात घरचं पाणी शाळेत पाठवणं फार दिवस परवडणारं नव्हतं. हळूहळू घरचे पाण्याचे तांबे यायचे थांबले. अण्णांनी जुनी पद्धत पुन्हा सुरू करायला लावली नाही. पण जूनमध्ये सरांची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, पार तालुक्याच्या टोकाला केली. अण्णा सरांना म्हणाल्याचं पुढं ऐकलं, "पान्याचं ऱ्हाऊ द्या तसंच. पर तुमी जरा लांब जावा." दोन्ही गोष्टी त्यांनी खऱ्याच मनापासून केल्या असाव्यात.

सर गेले तेव्हा आम्ही फाट्यापर्यंत बरोबर चाललो. माय कामावरून परस्पर आली होती. तिनं दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची पुडी सरांच्या पिशवीत टाकली. सर तिला म्हणाले, "बाई, पोरीला मॅट्रिक होऊ द्या." माय म्हणाली, "हुईल की. तुमी काळजी करू नगा." टोकाची शाळा दीड दिवसाच्या वाटेवर होती आणि सर ती सगळी वाट सायकलच्या शेजारून चालत जाणार होते.

मी मॅट्रिक झाले. औरंगाबादला नर्सिंगला गेले. तिथं शहरातल्या मुलींना लांबलचक इंग्रजी नावं पाठ असायची. ती मला अवघड गेली, रडून रडून पाठ केली. पण वॉर्डात डॉक्टर बोलायचे ते सगळं बारक्या शब्दांत. एकदा राउंडला डॉक्टरांनी विचारलं, "हॅज ही पास्ड वॉटर?" माझ्याबरोबरची मुलगी धावत जाऊन पेशंटला पाण्याचा पेला देऊन आली. त्याला लघवी झाली का, एवढंच डॉक्टरांना हवं होतं. पासला कोणतंही काम सांगता येतं, हे मला ठाऊक होतं. कुणाला 'रनिंग टेंपरेचर' म्हटलं की मला पळणारा माणूस दिसत नसे, अंगातून वाहणारा ताप दिसे. न कळलेला शब्द समोर आला तरी मी घाबरत नसे. हा आज कोणत्या कामावर आला असेल, एवढंच आजूबाजूच्या शब्दांना विचारायचं. ही सवय मला कुठल्या कॉलेजनं लावलेली नव्हती.

माझी नोकरी बरीच वर्षं बीडच्या दवाखान्यात झाली, त्यातली बहुतेक प्रसूतिगृहात. एका सकाळी बीडजवळच्या पालीहून एक मुलगी बाळंतपणासाठी जीपमधून आणली. अवघड केस होती. मूल आडवं होतं. नवरा ऊस तोडायला गेलेला, बरोबर सासू आणि शेजारचे एक म्हातारे गृहस्थ. मी मुलीला आत घेतलं आणि सासूला बाहेर बसवायला वळले, तेव्हा त्या गृहस्थांकडं पाहिलं. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. चेहरा तोच, सरांचा. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्या डोक्यावर टोपी, अंगात पांढरे कपडे, आणि मध्ये एवढी वर्षं. बोलायला तेव्हा वेळही नव्हता.

दुपार कलेपर्यंत आम्ही त्या मुलीपाशी होतो. डॉक्टरीणबाईंचे हात चांगले होते. मुलगी झाली, रडली, आईही वाचली. बाळाला गुंडाळून घेऊन मी बाहेर आले. सासू रडायलाच लागली आणि सुनेला बघायला आत धावली. बाकावर सर एकटे उरले. ते दारावरच्या पाटीकडं पाहत होते. 'लेबर रूम'.

"सर," मी म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं. मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांना उठायला वेळ लागला, पण ते उठून उभे राहिले.

"अरे बेटा," ते म्हणाले. मग पाटीकडं बोट करून, "हा अर्थ मी तुम्हाला सांगितला नव्हता."

"नाही सर. लेबर म्हणजे मजूर आणि मजुरी, तेवढंच सांगितलं होतं. हा बाळंतपणाचा मला नर्सिंगला कळला."

"ठाऊक होता मला. तुम्ही पोरी समोर बसायच्या. लाजलो." ते खाली पाहत म्हणाले, "निम्मा शब्द शिकवला."

"बाकीचा मी केला पुरा, सर."

ते हसले. मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. कितीतरी वर्षं मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. मराठीतली होती, इंग्रजीतलीही होती.

"तुझी माय?" त्यांनी विचारलं.

"आहे. माझ्याकडंच असते. अजून भांडते."

"छान. सांग तिला, मी भेटलो म्हणून."

हातातलं बाळ चुळबुळ करू लागलं. मी ते त्यांच्यापुढं धरलं. सर मागं सरकले. आयुष्यभर एकटं राहिलेला माणूस, एवढं लहान मूल त्यांनी कधी हातात घेतलं नसावं.

"मला जमायचं नाही," ते म्हणाले.

"बसा तुम्ही. हात असे करा."

ते बाकावर बसले, आणि दोन्ही हात एकमेकांजवळ आणून ओंजळीसारखे पुढं केले. मी बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि दोन्ही कोपरांखाली माझे हात धरून ठेवले.